पितळी टोप

"वापरातला आहे, की शोभेचा?" कल्हईवाल्याने टोप उलटा करून बुडावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवून पाहिले आणि मला एवढेच विचारले. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर, आंब्याच्या झाडाखाली त्याने भट्टी मांडली होती. हल्ली कल्हईवाले क्वचितच फिरकतात, म्हणून त्याची हाक कानावर पडताच मी खिडकीखालचा टोप उचलून घाईने खाली उतरले होते. त्याचा प्रश्न निव्वळ कामापुरता होता. शोभेच्या भांड्याला आतून कथील लावण्याचे काही कारण नसते. बाहेरून चकाकी दिली की ते काम संपते. वापरातल्या भांड्याचे मात्र आतले अंग महत्त्वाचे असते. दोहोंपैकी कोणते काम करायचे एवढेच त्याला हवे होते आणि मला ते चटकन सांगता येईना. कित्येक वर्षे तो टोप आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. एरवी त्यात मनीप्लांटची कुंडी असते; दिवाळीत तिच्या जागी पाणी, झेंडूच्या पाकळ्या आणि तरंगत्या पणत्या येतात. घरी येणारी माणसे त्याच्याजवळ थांबून कौतुकाने हात फिरवतात. तरीही तो शोभेचा आहे, हे मला म्हणवेना. अखेर मी म्हटले, "कल्हई करा."

त्याचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

त्याने टोपात वाळू टाकून काथ्याच्या बोळ्याने आतून घासायला सुरुवात केली. मी लहान असताना कल्हईवाले मोठ्या भांड्यात उभे राहात आणि भिंतीला हात टेकून, कमरेला पीळ देत पायांनी ते घासून काढत. हा माणूस हातानेच घासत होता, पण खांद्याची लय तीच होती. मग निखाऱ्यांवर टोप फिरवत त्याने तो तापवला. भात्याच्या जागी आता हाताने फिरवायचा लोखंडी पंखा आला आहे. पितळ पुरेसे तापल्यावर त्याने नवसागराची पूड आत भुरभुरवली आणि नाकात झोंबणारा पांढरा धूर उठला. कथिलाची कांडी तापल्या पितळेवर टेकवताच ती पाझरली. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणूनच हे काम रस्त्याच्या कडेच्या लहानशा भट्टीवर होऊ शकते. कापसाच्या बोळ्याने त्याने तो पाझर झरझर पसरवला आणि पिवळ्या पितळेवर रुपेरी उजेड चढत गेला. पाण्याच्या बादलीत टोप बुडवला तेव्हा चर्र असा आवाज झाला. नवसागराच्या धुराचा तो वास मला थेट लालबागच्या चाळीच्या गॅलरीत घेऊन गेला. तिथे आजी कल्हईवाल्याच्या समोर पाटावर बसून राहात असे आणि कथील सगळीकडे सारखे बसले की नाही हे टोप उन्हात धरून स्वतः पाहिल्याशिवाय त्याच्या हातावर पैसे ठेवत नसे.

आजी गिरणगावात खाणावळ चालवत असे. तिच्या आमटीत कोकम असे, आणि म्हणून तिला कल्हई इतकी महत्त्वाची होती. पितळेत तांबे आणि जस्त असते. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ राहिला की तो कळकतो, हिरवट होतो आणि जिभेवर कडवट, धातूची चव रेंगाळते. घरच्या माणसांना एक वेळ कळकलेली आमटी वाढता येईल, परंतु पैसे मोजून जेवणारा मेंबर दुसऱ्या दिवशी शेजारच्या चाळीतल्या खाणावळीत जातो. रोज दोन वेळा चुलीवर चढणाऱ्या टोपाची कल्हई लवकर झिजते. तेव्हा घरखर्चात कशालाही कात्री लागली तरी कल्हईला लागत नसे. वडील सांगतात, त्यांच्या शाळेच्या चपला पुढच्या महिन्यावर जात, कल्हई कधी जात नसे.

टोप एवढा मोठा आहे की तो कवेतच घ्यावा लागतो. दोन्ही अंगांना जाड पितळी कड्या आहेत आणि काठ बोटाएवढा जाड आहे. एका बाजूला, बुडाच्या जरा वर, तळहाताएवढा पोचा आहे. काठाखाली टिंबाटिंबांनी आजीचे नाव घातलेले आहे आणि त्यापुढे १९७६ हे साल. आपल्या घरांतल्या जुन्या भांड्यांवरची नावे वाचत गेले, तर घरातल्या बायकांचे सगळे देणेघेणे उलगडते: लग्नात मामाकडून, डोहाळजेवणाला नणंदेकडून, कोणा कैलासवासी सासऱ्यांच्या स्मरणार्थ. या टोपावर कोणाकडून असे काही नाही. आजोबांचे नाव नाही, आडनावही नाही. स्वतःचे नुसते नाव घालून घेण्याइतका हा टोप तिला सर्वस्वी आपला वाटत होता. त्या काळातल्या विधवा बाईने असे करावे, याचे चाळीत बरेच दिवस बोलणे झाले होते, असे आई सांगते. आईलाही ते ऐकीवच आहे, कारण ती या घरात त्यानंतर आली.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून आजी लग्न होऊन मुंबईला आली ती रत्नागिरीहून बोटीने, भाऊच्या धक्क्यावर. आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या विभागात, होते. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यांच्यासोबत गावचे आणखी तिघे राहात आणि आजीच्या हातचे जेवत. त्याबद्दल महिन्याला काहीतरी देत. गिरणगावात हे सर्रास होते. गावी बायकामुले ठेवून आलेला पुरुष गाळ्यात पाळीपाळीने झोपे आणि कोणातरी बाईच्या घरी जेवे. साच्यांच्या खडखडाटात आणि कापसाच्या धुळीत वर्षे काढलेल्या आजोबांना क्षय झाला. शिवडीच्या इस्पितळात बराच काळ काढून ते गेले, तेव्हा माझी आत्या बारा वर्षांची होती आणि वडील आठ. दिवस झाल्यावर दीर तिला गावी न्यायला आले. "गावाला जाऊन मी काय करू? इथं निदान चार माणसं जेवायला तरी येतात," असे ती म्हणाली, ही आमच्या घरातली सर्वांना पाठ असलेली गोष्ट आहे. गावच्या घरात विधवा भावजय म्हणून दोन पोरांसह पडवीत राहणे म्हणजे काय, हे तिने तिच्या आईच्या बाबतीत पाहिलेले होते. त्या तीन मेंबरांचे सात झाले, सातांचे पंधरा झाले आणि पुढे एका वेळी पंचवीस माणसे जेवू लागली.

माझ्या आठवणीतली खाणावळ ही तिच्या उतरत्या काळातली, तरी ती माझ्या सर्वांगात भिनलेली आहे. पहाटे चारला सार्वजनिक नळाला पाणी येई आणि बादल्यांच्या आवाजाने जाग येई. अंधारात भुशाच्या शेगडीचा वास, त्यात मिसळलेला रॉकेलचा वास, ओल्या गोणपाटाचा वास. खोबरे खवण्याचा खर्रखर्र आवाज. मग भोंगा होई. पहिल्या पाळीचे डबे त्याआधी गेलेले असत, रात्रपाळीची माणसे भोंग्यानंतर येत. त्यांच्या केसांत, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे बारीक तंतू बसलेले असत. साचेखात्यातली माणसे नेहमी मोठ्याने बोलत, कारण साच्यांच्या आवाजाने त्यांचे कान गेलेले असत. समोरचा माणूस बोलू लागला की ती त्याच्या ओठांकडे पाहात. खोलीत एका वेळी आठ जणांची पंगत बसे आणि उरलेले गॅलरीत कठड्याला टेकून विडी ओढत थांबत. कोकणातल्यांना भात आणि कालवण हवे असे, साताऱ्या-कोल्हापूरकडच्यांना भाकरी आणि तिखट. आजी दोघांनाही तेच वाढे, पण घाटावरच्यांच्या ताटात मिरचीचा ठेचा न मागता पडे. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मासळी किंवा मटण, एरवी डाळीची आमटी. ती आमटी या टोपात होई. टोप चुलीवर चढवण्याआधी त्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवला जाई, म्हणजे काजळी मातीवर बसे आणि घासताना सुटून येई.

हिशेब भिंतीवर असे. कालनिर्णय १९७३ साली निघाले आणि पुढे दरवर्षी ते आमच्या खोलीत लागले. पण तिथी आणि सणवार पाहण्याआधी आजीला त्यावर मेंबरांचे खाडे दिसत. जो जेवायला आला नाही त्याच्यासाठी त्या तारखेच्या चौकोनात एक खूण, प्रत्येकाची खूण निराळी: कोणाचा त्रिकोण, कोणाची चांदणी, कोणाची आडवी रेघ. गणपतीला आणि शिमग्याला कोकणातले मेंबर गावी जात, तेव्हा ते महिने खुणांनी भरून जात. महिनाअखेरीस खाडे वजा करून ती रक्कम सांगे आणि तिच्याशी कोणी वाद घालत नसे. आजीला अक्षरे जुळवून वाचता येत होती, लिहिण्याचा मात्र तिला कंटाळा होता.

आजी फार स्वावलंबी होती, असे आमच्याकडे सगळेच म्हणतात आणि ते खरे आहे. मात्र एकट्या माणसाने एकट्याच्या बळावर उभे राहणे असा त्याचा अर्थ घेतला, तर तो टोप कुठून आला हेच सांगता येणार नाही. खाणावळीच्या धंद्यात बाई आधी माल आणते आणि मेंबर महिना भरल्यावर पैसे देतो. मधला महिना ती कशावर काढणार? आजी तो वाण्याच्या उधारीवर काढी. उधारी असली की भाव वाण्याचा, तांदूळ वाणी देईल तो, आणि मेंबरांचा पगार लांबला की व्याज वेगळे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झालेले होते, तरी ज्या बाईकडे ना जमीन ना दागिना, तिला बँकेची पायरी चढणे अशक्यच होते. मंडळातल्या बायका गटाने कर्ज घेत आणि एकमेकींना जामीन राहात. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांवर तो येई. आजीच्या गटातल्या बायका त्यामुळे एकमेकींच्या घरातले सगळे ओळखून असत: कोणाचा नवरा पगाराच्या दिवशी सरळ घरी येत नाही, कोणाचे मूल आजारी आहे, कोणाचे किती मेंबर सुटले. एकीच्या घरी मयत झाले तेव्हा आठ दिवस तिचे मेंबर इतर जणींनी वाटून घेतले आणि पैसे तिला दिले. पहिल्या कर्जातून आजीने वाण्याची उधारी फेडली, आणि दुसऱ्या कर्जातून तांबाकाट्याच्या भांडीबाजारात जाऊन हा टोप आणला. काठावर नाव एकटीचे आहे, त्यामागे जामीन राहिलेल्या त्या बायकाही होत्या. हे तिने स्वतःच मला सांगितले होते, कसलाही कमीपणा न मानता. कोणाच्या उपकारात राहणे आणि एकमेकींना जामीन राहणे या तिच्या लेखी अगदी निराळ्या गोष्टी होत्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप कोणी कधी रीतसर मागे घेतलाच नाही. मी तेव्हा फार लहान होते. संप मला आठवत नाही, संपानंतरचे घर आठवते: दारामागे मोकळे पडलेले पाट, कालनिर्णयावर खुणाच नसलेले महिने. सुरुवातीला मेंबर जेवत राहिले, कारण संप महिन्या-दोन महिन्यांत मिटेल असे त्यांना आणि तिलाही वाटत होते. उधारी चढत गेली. मग एकेक जण गावी जाऊ लागला. काही जण हातात हात घेऊन सांगून गेले, काही जण न सांगता गेले. आजीने काहींच्या पेट्या ठेवून घेतल्या. हे वडिलांना कधीच आवडले नाही. संपावरच्या माणसाची पेटी अडवायची, याची त्यांना चाळीत लाज वाटे आणि आजही तो विषय निघाला की ते उठून जातात. मला दोघांचेही पटते. तिच्या डोक्यावर गटाचा हप्ता होता, आणि तो चुकला असता तर आपल्याच सारख्या चार बायकांच्या घरात ती वजाबाकी झाली असती. बहुतेकांनी पुढे थोडे थोडे करून पैसे पाठवले आणि पेट्या नेल्या. एक पेटी राहिली. तिचा मालक आला नाही. हिरव्या रंगाची ती पत्र्याची पेटी आमच्याबरोबर डोंबिवलीला आली, माळ्यावर राहिली आणि आजीने ती कधी उघडू दिली नाही. "पैसे आपले आहेत, पेटी आपली नाही," असे ती म्हणे. ती गेल्यावर वडिलांनी आजोबांच्या गावाकडे चौकशी करून त्या माणसाच्या मुलाला गाठले आणि पेटी न उघडता पोहोचती केली.

संपात घरातली इतर पितळ-तांब्याची भांडी वजनावर मोडीत गेली. घंगाळ गेले, हंडा-कळशी गेली, आजोबांच्या आईने दिलेली परात गेली. टोप ठेवला, कारण गिरण्या पुन्हा चालू झाल्या की त्याच्यावरच पोट चालायचे होते. गिरण्या काही प्रमाणात चालू झाल्याही, खाणावळही पुन्हा उभी राहिली. पण पंचवीस मेंबर पुन्हा कधी झाले नाहीत. मी सातवीत असताना वडिलांनी डोंबिवलीला जागा घेतली आणि आजीने खाणावळ बंद केली.

डोंबिवलीतल्या तिच्या वर्षांबद्दल लिहिताना माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. शेवटपर्यंत तिने स्वतःचे ताट स्वतः उचलले, स्वतःचे लुगडे स्वतः धुतले. कुळथाचे पीठ आणि मालवणी मसाला करून ती इमारतीतल्या बायकांना विके आणि त्या पैशांतून स्वतःची औषधे आणी. मला तिचा विलक्षण अभिमान वाटे. पण माझ्या आईला त्या घरात सासूसाठी काहीच करू दिले गेले नाही. आईने केलेला चहा थंड होई आणि आजी उठून आपला आपण करी. तापात आईने पाय चेपायला घेतले, तर ती पाय आखडून घेई. आई एकदा म्हणाली होती, "त्यांनी कधी माझ्याकडून घेतलं असतं, तर त्या माझ्या वाटल्या असत्या." ज्या बाईने उभे आयुष्य कोणापुढे हात पसरायचा नाही म्हणून काढले, तिला हात पुढे करणे म्हणजेच पसरणे वाटू लागते, आणि मग प्रेमाने दिलेलेही तिला घेता येत नाही. हे तिचे दुःख होते की नाही, हे मला कधी तिच्या चेहऱ्यावर वाचता आले नाही. आईचे मात्र होते.

कल्हई करून आणलेला टोप त्या दिवशी मी पुन्हा खिडकीखाली ठेवला नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला आणि आत्याला फोन केला. आत्या आता सत्तरीच्या आसपास आहे आणि अजून परळलाच राहते. तिची चाळ पाडून तिथे उंच इमारत झाली, तिच्या वाट्याला त्यातली लहानशी जागा आली. गणपतीत आपल्याकडे सगळे जमतील तेव्हा या टोपात आजीची आमटी करावी असे मी म्हटले आणि तिच्याकडे प्रमाण मागितले. ती लगेच सांगू लागली. तुरीची डाळ किती, त्यात मसुराची मूठ किती, कोकम शेवटी आणि गूळ त्याच्याही नंतर. आणि मुख्य म्हणजे टोप रिकामा आचेवर ठेवायचा नाही, कल्हई ओघळेल, आधी पाणी आणि मग आच. "दहा माणसांसाठी तो टोप काढू नकोस," ती म्हणाली. "डाळ बुडाला पसरते नि करपते. वीस-पंचवीस माणसं असतील तरच." तिच्या बोलण्यातला तो चटपटीत हुकूम ऐकताना मला मौज वाटत होती. मी सहज म्हणाले, "आजीने एकटीने एवढं सगळं कसं केलं असेल!"

पलीकडे काही वेळ काहीच आवाज आला नाही.

मग ती बोलली, आणि राग न आणता बोलली. आजोबा गेले तेव्हा ती सातवीत होती. शाळेत तिला गणितात बक्षीस मिळाले होते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वडिलांना नवी पाटी आली आणि तिला सांगितले गेले की यंदा खोबरे खवायला आणि डबे भरायला माणूस लागेल. त्यानंतर कधी शाळेचा विषय निघाला नाही. भिंतीवरच्या त्या खुणा, त्रिकोण आणि चांदण्या, आजीने सुचवलेल्या नव्हत्या. त्या तिच्या होत्या, आणि खाड्यांचा हिशेबही महिनाअखेरीस तीच करी. आजी ती रक्कम फक्त मेंबरांना सांगे. लग्न झाल्यावर ती दोन चाळी सोडून राहायला गेली आणि तरी खाणावळ बंद होईपर्यंत रोज पहाटे येत राहिली. कारण टोप घासणे एकटीचे काम नव्हते आणि आजीचे गुडघे गेले होते. टोपाला पोचा कसा आला, हे मी तिला पूर्वी कधी विचारले नव्हते. ओल्या जिन्यावरून टोप घेऊन नळाकडे जाताना तिचा पाय घसरला होता. "टोपाला पोचा आला म्हणून आई ओरडली. माझ्या गुडघ्याकडे तिने संध्याकाळी बघितलं. मग हळद-तेल गरम करून लावत बसली, पण बोलली काहीच नाही." तेवढे सांगून ती म्हणाली, "आईने केलंच. तिच्यासारखं कोणी केलं नसतं. पण एकटीने नाही केलं."

त्या रात्री मी बराच वेळ ओट्यापाशी उभी होते. आमच्या घरात आजीचे स्वावलंबन हे वाडवडिलांच्या पुण्याईसारखे सांगितले जाते. वडील शिकले, नोकरीला लागले, मी शिकले, माझा भाऊ परदेशी गेला, या सगळ्याच्या मुळाशी आजीची खाणावळ आहे असे आम्ही मानतो. त्या मुळाशी एका बारा वर्षांच्या मुलीचे वर्गातले रिकामे बाकही आहे, हे मात्र कोणी कधी मोठ्याने उच्चारले नाही. आजीवर मी त्याचा ठपका ठेवू शकत नाही. तिच्यापुढे दोन मुले होती आणि एकाच्याच शाळेपुरते बळ होते. मुलाला शाळेत ठेवून मुलीला चुलीपाशी बसवण्याचा निवाडा तिच्याआधी हजारो घरांनी करून ठेवलेला होता. तरीही ज्या बाईने स्वतः गावच्या पडवीतले जिणे नाकारले, तिने मुलीच्या वेळी तो निवाडा का स्वीकारला, हे मला तिला विचारायला हवे होते असे वाटते. तिने उत्तर दिले असते. ती प्रश्नांना कधी टाळत नसे.

पुढच्या रविवारी मी परळला गेले आणि टोप तुझ्याकडेच असायला हवा, असे आत्याला म्हणाले. ती हसली. घरात ठेवायला जागा कुठे आहे, म्हणून तिने चारही बाजूंना हात दाखवला, आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुझ्याकडेच राहू दे गं. मला तो परत घासायचा नाही." ते तिने इतक्या मोकळेपणाने म्हटले की मी आग्रह केला नाही. आम्ही चहा घेतला, गणपतीतल्या पंगतीची माणसे मोजली, ती तीस भरली. निघताना मी तिला विचारले, की काठाखाली आजीच्या नावाशेजारी तिचे नाव घालून घेतले तर चालेल का. डोंबिवलीच्या भांडेबाजारात अजून एक जण विजेच्या सुईने नावे घालून देतो. "कशाला? भांडं आईचं आहे," ती म्हणाली आणि दार लावून घेतले.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. कोकम आगळ घालू नकोस, सोलंच घाल, हे सांगायला तिने केला होता. ते सांगून झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "नाव घालणारच असशील, तर सासरचं घालू नकोस. शाळेतलं घाल." लग्नात तिचे नाव बदलले होते, आम्ही पोरे तिला आत्याच म्हणत आलो, त्यामुळे आधीचे नाव काय होते हे मला ठाऊक नव्हते. मी ते विचारले. तिने आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव असे शाळेच्या हजेरीपटातल्या क्रमाने सांगितले, आणि त्यापुढे इयत्ता आणि तुकडीही सांगितली.